अक्रोड वर नको, तळाशी: सिनॅमन रोलबद्दलच्या चार तक्रारी

तुमच्या प्रश्नात सिनॅमन रोलबद्दल, म्हणजे दालचिनी-साखर गुंडाळून भाजलेल्या गोड पावाबद्दल, चार तक्रारी आहेत. वर पसरलेले अक्रोड जळून कडू झाले, दालचिनी-साखर वाहून ट्रेला चिकटली, मधले दोन रोल आतून कच्चे राहिले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी कडक झाले. शेवटी तुम्ही विचारलंय, ओव्हनचं तापमान कमी करू का? करू नका. तापमान उतरवलंत तर अक्रोड कदाचित वाचतील, पण रोल जास्त वेळ आत राहतील आणि आणखी सुकतील. तापमान आहे तेच ठेवा आणि अक्रोडांची जागा बदला. ते ट्रेच्या तळाशी लोणी-साखरेच्या पाकात घाला, त्यावर रोल मांडा, भाजून झाल्यावर ट्रे उलटा करा. खालचा थर वर येतो, चकचकीत आणि खमंग. अमेरिकेत याला स्टिकी बन म्हणतात. फिलाडेल्फिया त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे तो जर्मन स्थलांतरितांच्या श्नेकन नावाच्या गोड रोलमधून आला.

हे का चालतं ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. अक्रोड किंवा पिकन (अक्रोडासारखाच एक अमेरिकी सुकामेवा) 160 अंशांवर सहा ते आठ मिनिटांत छान भाजले जातात. एकमेकांना चिकटून बसलेले बारा रोल 180 अंशांवर भाजायला अर्धा तास लागतो. ओव्हनच्या कोरड्या हवेत उघडा पडलेला अक्रोड एवढा वेळ टिकूच शकत नाही. तोच अक्रोड पाकात बुडालेला असला, तर पाकात पाणी शिल्लक असेपर्यंत त्याचं तापमान 110 अंशांच्या आसपासच घुटमळतं. तो शिजतो, पण जळत नाही.

मात्र एकदा पाक तळाशी घालायचं ठरलं, की बाकीचंही बदलावं लागतं. पीठ कमी गोड करायचं, आतलं सारण कमी करायचं, ट्रे कोणता वापरायचा आणि तो ओव्हनमध्ये कुठे ठेवायचा हेही वेगळं. सर्वसाधारण कृती घेऊन त्यात शेवटी मूठभर सुकामेवा टाकला तर तो उपरा वाटतो. म्हणून मी नेहमी आधी वरचा थर ठरवतो आणि मग पिठाकडे वळतो. इथेही त्याच क्रमाने जाऊ.

पाकात सुकामेवा जळत नाही म्हटलं, त्याची दुसरी बाजू अशी की तो पाकात भाजलाही जात नाही. खमंगपणा यायला जेवढी कोरडी उष्णता लागते, तेवढी त्याला तिथे मिळत नाही. कच्चे अक्रोड थेट पाकात टाकले तर ते शेवटी ओलसर, किंचित रबरी लागतात. म्हणून आधी भाजून घ्यायचे: 160 अंशांवर, एका थरात पसरून, सहा ते आठ मिनिटं. वास सुटला की काढायचे. रंगाची वाट पाहू नका. सालीवर रंग दिसेपर्यंत आतला गर पुढे गेलेला असतो, आणि बाहेर काढल्यावरही गरम ट्रेवर ते भाजतच राहतात, म्हणून लगेच गार ताटलीत ओता. अक्रोडाची साल तुरट असते. भाजलेले अक्रोड गरम असतानाच जाड फडक्यात घेऊन चोळले तर बरीच साल सुटते आणि कडवटपणा निम्म्याने उतरतो. पूर्ण सोलत बसायची गरज नाही.

तुम्ही अक्रोड जळाल्याने कडू झाले म्हणता, पण एक गोष्ट तपासा: ते आधीच खवट होते का? अक्रोडात सुमारे 65 टक्के तेल असतं आणि त्यातलं बरंचसं हवेशी संयोग पावून लवकर खराब होणाऱ्या प्रकारचं. उबदार कपाटात काही महिने पडून राहिलेला अक्रोड कच्चा असताना फारसा वाईट लागत नाही, पण भाजला की जुन्या तेलाचा वास येतो. विकत आणल्यावर एक दाणा चावून बघा आणि उरलेले हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा.

कोणता सुकामेवा घ्यावा यावर माझं मत ठाम आहे. पाकात पिकनला तोड नाही. त्यात तेल भरपूर, सुमारे 70 टक्के, साल पातळ आणि तुरटपणा जवळपास नाही, त्यामुळे कॅरमेलसारख्या चवीशी तो एकजीव होतो. पिकन न मिळाल्यास किंवा महाग वाटल्यास अक्रोड. हेझलनट चांगले लागतात, पण साल काढलीच पाहिजे. बदाम कडक असल्यामुळे अख्खे घालू नका, जाडसर काप करा. काजू पाकात मऊ पडतात आणि गोडात हरवून जातात. मी तो घालत नाही. पिस्ता भाजला की त्याचा हिरवा रंग विटतो, म्हणून तो शेवटी, ट्रे उलटल्यानंतर वरून भुरभुरायचा. दाणे फार बारीक चिरू नका. अर्धे किंवा तीन-चार तुकडे पुरेत. भुगा पाकाला चिखलासारखा घट्ट करतो आणि दाताखाली काही लागतच नाही.

आता पाक. 33 बाय 23 सेंटिमीटरच्या ट्रेसाठी 80 ग्रॅम लोणी, 130 ग्रॅम ब्राउन शुगर, 40 ग्रॅम मध, 40 ग्रॅम क्रीम आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. लोणी बिनमिठाचं धरलंय. मंद आचेवर ढवळत राहा, लोणी वितळून सगळं एकजीव झालं, कडेला पहिले बुडबुडे दिसले की उतरवा. उकळत ठेवू नका. त्याला अजून अर्धा तास ओव्हनमध्ये शिजायचं आहे. गॅसवरच गोळीबंद पाकापर्यंत नेलात, तर ओव्हनमधून निघताना तो चॉकलेट-गोळीसारखा कडक होईल आणि दात धरेल. मध चवीपुरता नाही. नुसती साखर आणि लोणी घेतलं तर थंड होताना साखरेचे खडे जमतात, थर रवाळ होतो. मधातलं फ्रुक्टोज आणि ग्लुकोज साखरेच्या स्फटिकांना एकत्र येऊ देत नाही. मध नको असेल तर गोल्डन सिरप किंवा कॉर्न सिरप तेच काम करतं. क्रीममुळे पाक मऊ राहतो. मीठ वगळू नका. एवढ्या साखरेत ते नसलं तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो.

ट्रेला लोणी लावा, पाक ओता, त्यावर सुकामेव्याचे 150 ग्रॅम भाजलेले दाणे पसरा आणि बाजूला गार होऊ द्या. गरम पाकावर रोल ठेवले तर खालचं यीस्ट मरतं आणि सारणातलं लोणी आधीच वितळून खाली येतं. पाक कोमट ते गार आणि जरा घट्ट झालेला हवा.

ट्रे फिक्या रंगाच्या धातूचा घ्या. काळा ट्रे उष्णता जास्त शोषतो आणि तळाची साखर जाळतो. काच उशिरा तापते, मग तापलेली राहते. तुमचे मधले रोल कच्चे राहण्यामागे काचेचं भांडं असू शकतं, कारण त्यात कडेचे रोल तयार झाले तरी मधल्यांपर्यंत उष्णता पोचलेली नसते. ट्रे निदान पाच सेंटिमीटर खोल असावा. पाक फुगून वर येतो. तरीही खालच्या कप्प्यात एक मोकळा ट्रे ठेवा, नाहीतर ओव्हनच्या तळाशी जळलेली साखर खरवडत बसाल.

पिठाकडे येऊ. दुसऱ्या दिवशी कडक होण्याचं मूळ इथे आहे. घरी केलेले बहुतेक रोल कोरडे होतात कारण पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा घातला जातो. चिकटणारं पीठ बरोबर असतं. पुरेसं मळल्यावर ते आपोआप सुटतं. तरीही पिठात जास्त दूध मावावं आणि लाटताही यावं, यासाठी थोडा मैदा आधी दुधात शिजवून घ्यायचा. आशियाई बेकरीत ही पद्धत तांगझोंग नावाने रूढ आहे. 25 ग्रॅम मैदा आणि 125 ग्रॅम दूध मंद आचेवर ढवळत राहा, मिश्रण साधारण 65 अंशांना दाटसर खळीसारखं होतं आणि चमचा फिरवला की तळ दिसतो. तेवढंच. या तापमानाला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो आणि भाजल्यावरही सहज सोडत नाही. त्यामुळे रोल दोन दिवस मऊ राहतात. या दहा मिनिटांच्या कामाइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, महागडं लोणी घेतलं तरी नाही.

खळ कोमट होऊ द्या. त्यात 180 ग्रॅम कोमट दूध, एक अंडं आणि 60 ग्रॅम साखर फेटा, मग 475 ग्रॅम मैदा आणि 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालून फक्त कालवा. दूध बोटाला गरम लागता कामा नये. 40 अंशांपर्यंत ठीक, 55 च्या पुढे यीस्ट मरायला लागतं. अंडं नको असेल तर 50 ग्रॅम दही घ्या, रोल किंचित कमी फुगतात पण मऊपणात फरक जाणवत नाही. मैद्याचं बोलायचं तर पाकिटावर प्रथिनं 11 ते 12 टक्के दिसली तर उत्तम. त्याहून कमी असतील तर 20 ग्रॅम दूध मागे ठेवा आणि मळताना गरज पडली तरच घाला. कपाने मोजत असाल तर आजपासून वजनकाटा घ्या. एकाच कपात मैदा हलक्या हाताने भरला की 120 ग्रॅम मावतो आणि दाबून भरला की 150, आणि एवढ्या फरकात पूर्ण घाणा कोरडा पडतो.

कालवलेलं पीठ झाकून वीस मिनिटं ठेवा. या वेळात मैदा दूध पितो आणि मळायचं काम निम्मं होतं. मग 8 ग्रॅम मीठ घालून मळायला घ्या. पीठ जरा ताणलं जाऊ लागलं की 75 ग्रॅम मऊ लोणी चार-पाच वेळा करून घाला. लोणी सुरुवातीला घालू नये, कारण ते पिठाच्या कणांवर चढतं आणि मैद्यातल्या प्रथिनांची, म्हणजे ग्लुटेनची, जाळी बनायला उशीर होतो. लोणी घातल्यावर पीठ एकदम फाटल्यासारखं, गिळगिळीत दिसेल. घाबरू नका आणि मैद्याच्या डब्याकडे हात नेऊ नका, मळत राहा. मशीनवर आठ ते दहा मिनिटं, हाताने पंधरा. शेवटी छोटा तुकडा बोटांवर हळूहळू ताणला तर पारदर्शक पडदा तयार व्हायला हवा. या कृतीत पिठात साखर कमी ठेवली आहे, ती पाकामुळे. शिवाय साखर फार झाली की ती यीस्टच्या वाट्याचं पाणी ओढून घेते आणि पीठ रेंगाळतं.

दालचिनी पिठात घालू नका. दालचिनीला वास देणारं सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मारक असतं. चिमूटभर चालते, चमचाभर घातली तर पीठ फुगायला दुप्पट वेळ घेतं. पिठाला सुगंध हवाच असेल तर स्वीडिश पद्धतीने ताजी, भरड कुटलेली वेलची घाला, एक चहाचा चमचा. बदाम किंवा हेझलनटबरोबर ती फार छान जमते. पिकनबरोबर मला आवडत नाही.

पहिला फुगवा साधारण 26-27 अंशांच्या खोलीत एक ते दीड तास. घड्याळापेक्षा आकार बघा, दुप्पट व्हायला हवं. त्याहून बरं म्हणजे पीठ अर्धा तास बाहेर ठेवून मग रात्रभर फ्रिजमध्ये टाका. आठ ते सोळा तास चालतं. थंडीत लोणी घट्ट होतं आणि एरवी हाताला चिकटणारं हेच पीठ कागदासारखं नीट लाटलं जातं, कडा सरळ येतात, चवही खोल होते. मी घाई नसेल तेव्हा हाच मार्ग घेतो. रोल वळून, पाकावर मांडून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा सल्लाही अनेकजण देतात. तो मला पटत नाही. रात्रभरात सारणातली साखर पिठातलं पाणी ओढते आणि सकाळी वळ्यांमध्ये पातळ पाक झालेला असतो.

आणि तिथेच तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर आहे. सारण वाहून जातं त्याची तीन कारणं: वितळलेलं लोणी वापरणं, प्रमाणाबाहेर साखर आणि सारणाला धरून ठेवायला काहीच नसणं. लोणी मऊ हवं, वितळलेलं नव्हे. 60 ग्रॅम मऊ लोणी, 90 ग्रॅम ब्राउन शुगर, 10 ग्रॅम दालचिनी पूड म्हणजे सुमारे चार चहाचे चमचे, चिमूटभर मीठ आणि 10 ग्रॅम मैदा एकत्र फेटून मलमासारखं करा. हा मैदाच साखरेचं सुटलेलं पाणी धरतो. लोणी लावून वर साखर भुरभुरण्यापेक्षा ही लापशी बरी. लाटलेल्या पिठावर ती सगळीकडे सारखी बसते आणि कापताना सांडत नाही.

दालचिनी कोणती, हाही प्रश्न येतोच. श्रीलंकेतली खरी दालचिनी नाजूक असते, तिच्या नळीत अनेक पातळ पापुद्रे गुंडाळलेले दिसतात आणि ती हातानेही मोडते. कॅशिया हा दालचिनीचाच दुसरा प्रकार: जाड, एकाच सालीची, चवीला तिखट आणि ठसठशीत. पाक आणि लोण्याच्या गर्दीत खरी दालचिनी दबून जाते, म्हणून या रोलसाठी मला कॅशियाच योग्य वाटते, त्यातही व्हिएतनामची. पण तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य खूप जास्त असतं आणि ते फार पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला 0.1 मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. युरोपीय कायद्यात साध्या गोड बेकरी पदार्थांना किलोमागे 15 आणि दालचिनीच्या पारंपरिक, सणासुदीच्या पदार्थांना 50 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. रोज विकला जाणारा दालचिनी रोल यातल्या कोणत्या खणात बसवायचा यावर 2013 च्या अखेरीस डेन्मार्कमध्ये चांगलाच वाद रंगला होता. अधूनमधून एखादा रोल खाणाऱ्याने काळजी करायचं कारण नाही. घरात लहान मुलं रोज दालचिनी घातलेलं काहीतरी खात असतील तर मात्र खरी दालचिनी आणा आणि प्रमाण थोडं वाढवा. पूड ताजी हवी. पाकीट उघडल्यावर वास नाकात शिरला नाही तर ती फेकून द्या.

पीठ 45 बाय 35 सेंटिमीटर लाटा, जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त येईल. लाटताना मागे आकसत असेल तर दहा मिनिटं झाकून सोडून द्या, जोर लावू नका. सारण पसरा, दूरच्या लांब कडेला दोन सेंटिमीटर पट्टी कोरडी ठेवा, तिथे पाण्याचं बोट फिरवा आणि आपल्या बाजूने गुंडाळत जाऊन ती कड चिकटवा. गुंडाळी सारखी हवी पण आवळलेली नको. घट्ट आवळलेले रोल फुगताना बाहेरच्या बाजूला जाऊ शकत नाहीत, मग मधला भाग टोकदार होऊन वर येतो. आपल्या प्रकारात वरची बाजू शेवटी खाली जाते, म्हणजे असा टोकदार रोल ताटात डुगडुगतो.

कापायला सुरी नको, बिनवासाचा जाड दोरा घ्या. गुंडाळीखालून सरकवा, वर आणून टोकं एकमेकांवरून विरुद्ध दिशांना ओढा. सुरीने गुंडाळी दबून चपटी होते. बारा सारखे तुकडे करा, प्रत्येकी पावणेचार सेंटिमीटर, आणि चार ओळींत तीन-तीन मांडा. मध्ये बोटभर जागा राहू द्या. दाटीवाटीने मांडलेले रोल आतून कच्चे राहण्याचं तेही एक कारण असतं. सर्वांत चांगला दिसणारा काप वर ठेवायची सवय असेल तर इथे उलटं करा. जी बाजू पाकात जाईल तीच शेवटी दिसणार आहे.

दुसरा फुगवा पाऊण तास, पीठ फ्रिजमधलं असेल तर दीड तासही लागेल. ओलसर बोटाने रोलच्या कडेला हलकं दाबा: खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला तर भाजायला घ्या. लगेच उसळून आला तर थांबा. लवकर व्हावं म्हणून गरम ओव्हनमध्ये ठेवायचा मोह टाळा. लोणी 32-35 अंशांना वितळतं, आणि ओव्हनचा नुसता दिवा लावूनही काही ओव्हन तेवढे तापतात. मग भाजण्याआधीच सारण खाली आलेलं असतं.

ओव्हन 180 अंशांवर, पंख्याचा असेल तर 160. पुरेसा आधी तापवा, दिवा बंद झाल्यावरही दहा मिनिटं द्या. ट्रे मधल्या कप्प्यात न ठेवता एक पायरी खाली ठेवा, कारण तळाशी पाकाचा थर आहे आणि त्याला उकळी फुटली नाही तर तो साखरपाणीच राहतो. अठरा-वीस मिनिटांनी वरून रंग आला असेल तर फॉइल सैल झाका. ही बाजू खाली जाणार असल्यामुळे तिचा रंग फार सुंदर व्हायची गरज नाही, तुम्ही फक्त ती कडक होऊ देऊ नका.

भाजलं की नाही हे वरच्या रंगावरून कळत नाही. टोचायचा थर्मामीटर ही या कामातली एकमेव वस्तू आहे जी मी प्रत्येकाला घ्यायला लावतो. अगदी मधल्या रोलच्या पिठात टोचा, सारणात किंवा पाकात नव्हे. 88 ते 90 अंश दिसले की काढा. 85 च्या खाली मधला भाग चिकट राहतो, 95 च्या पुढे रोल सुकायला लागतात. थर्मामीटर नसेल तर मधल्या रोलचं केंद्र काट्याने किंचित वर उचलून बघा. पीठ कापसासारखं तुटायला हवं, ओलं चकाकणारं दिसलं तर आणखी चार मिनिटं. एकूण 28 ते 32 मिनिटं लागतात. कडेला पाकाचे बुडबुडे मोठे, संथ आणि तपकिरी झालेले असतात, हीसुद्धा खूण आहे.

उलटण्यासाठी घड्याळ लावा: पाच मिनिटं. त्याआधी पाक पाण्यासारखा पातळ असतो, उलटलं की सगळा ताटात पसरतो आणि हातावर आला तर वाईट भाजतं, कारण साखर कातडीला चिकटून राहते. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलात तर दाणे ट्रेलाच राहतात. कडेने सुरी फिरवा, ट्रेपेक्षा मोठं आणि किंचित खोल ताट वर धरा, दोन्ही हातांत जाड मोजे घालून एका झटक्यात उलटा. जवळ लहान मुलं नकोत. ट्रे लगेच उचलू नका, मिनिटभर तसाच राहू द्या म्हणजे चिकटलेला पाक ओघळतो. उरलेले दाणे चमच्याने काढून जागेवर लावा. चुकून उशीर झालाच तर ट्रे तीन मिनिटं परत ओव्हनमध्ये, पाक सैल होतो. पाक थंड झाल्यावर काचेसारखा कडक झाला तर तो जास्त शिजलाय. पुढच्या वेळी क्रीम एक मोठा चमचा वाढवा आणि गॅसवर कमी ठेवा.

आता, तुम्हाला क्रीम चीजचं पांढरं आयसिंगच हवं असेल तर पाकाचा मार्ग सोडा. दोन्ही एकत्र केलं की गोड असह्य होतं. मग सारण दीडपट करा, तळाला नुसतं लोणी लावा आणि दाणे भाजल्यानंतर घाला. पण आयसिंगवर नुसते भाजलेले दाणे ठेवले तर ते काही तासांत ओल पिऊन मऊ होतात. त्यावर साखरेचा पातळ थर चढवला तर टिकतात: 50 ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा पाणी कढईत उकळा, 100 ग्रॅम दाणे टाकून ढवळत राहा. आधी साखर पांढरी, कोरडी होऊन दाण्यांवर चढेल, तिथेच उतरवलं तर रवाळ थर मिळतो. आणखी ढवळलं तर ती पुन्हा वितळून चकचकीत होते. कागदावर वेगळे करून गार करा, वाढताना वर घाला. चुरा टाकूनच भाजायचा असेल तर दाणे एकटे नकोत, त्यांना मैद्याचा आडोसा द्या: 60 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम ब्राउन शुगर, 45 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चुरून त्यात 60 ग्रॅम कच्चेच, बारीक चिरलेले दाणे. यात आधी भाजायचे नाहीत. पंधराव्या मिनिटाला फॉइल झाका.

उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नका. पाव शिळा होणं म्हणजे केवळ पाणी उडणं नाही, स्टार्च पुन्हा घट्ट जमतो, आणि फ्रिजच्या तापमानाला ते सर्वांत वेगाने होतं. तुमचे रोल रात्री फ्रिजमध्ये होते का ते आठवून बघा. झाकून बाहेर दोन दिवस ठीक राहतात. क्रीम चीज लावलेले असतील तर फ्रिजशिवाय इलाज नाही, म्हणून आयसिंग वेगळं ठेवा आणि खातानाच लावा. त्याहून जास्त ठेवायचे तर एकेक गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, महिनाभर चालतात. परत गरम करताना फॉइलमध्ये गुंडाळून 150 अंशांवर दहा-बारा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंदांत होतं, पण मग लगेच खा, पाच मिनिटांत चिवट होतात. कच्चे रोल गोठवायचे असतील तर वळून, दुसऱ्या फुगव्याआधी, पाकाशिवाय गोठवा. आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवा, पाक सकाळी ताजा करा.